दोघींची साखर

खांदा कॉलनी, नवीन पनवेल
३ मार्च २००८

चि. मालू हिस गोदूचे अनेक आशीर्वाद.

घटकाभर का होईना, जन्माला आधी मी आले, तेव्हा आशीर्वाद द्यायचा हक्क माझा. तू नाक मुरडलंस तरी इथून दिसणार नाही. वि. वि. प्रितमच्या लग्नाहून तुम्ही मायलेकरं सुखरूप पोचल्याचा कृष्णकांतचा फोन आला आणि जीव भांड्यात पडला. तुझ्याशीही बोलायचं मनात होतं, पण तुझ्या कानांना फोन झेपत नाही. मी इथून बोलायचं आणि तुझ्या लेकाने ते तुझ्या कानात ओरडायचं, म्हणजे तुमच्या अख्ख्या वसाहतीला माझ्या घरच्या गोष्टी कळणार. त्यापेक्षा आपलं पत्र बरं.

नातवाचं लग्न झालं आणि घर एकदम रिकामं वाटायला लागलं. हळदीला आणलेल्या कोल्ड्रिंकचे क्रेट अजून गॅलरीत आहेत. माझ्या शैलेशच्या ट्रेलरवरची पोरं येता-जाता बाटली उघडतात आणि मलाही विचारतात. तेवढ्यात रोशनी आतून डोळे वटारते. सून आहे का पोलीस, कळत नाही. गोळ्या वेळेवर, भात मोजून, चहा बिनसाखरेचा. बिनसाखरेचा चहा म्हणजे पाहुण्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवल्यासारखा लागतो.

आता मुद्द्याचं. खालच्या मजल्यावरच्या हव्वाबीची मुलगी जास्मीन तुला आठवत असेल. लग्नात आपल्या दोघींकडे टक लावून बघत होती, आणि तू मला विचारलंस की हिला आपल्या साड्या आवडल्या का. साड्या नव्हे, आपण आवडलो. ती पुण्याला संशोधन करते, साखरेवर. तुमच्या कारखान्यातल्या नव्हे, रक्तातल्या. तिला अशी जुळी हवी आहेत जी एकाच नाळेची आहेत पण वेगवेगळ्या घरांत, वेगवेगळं खाऊन वाढली. तिने आपली गोष्ट हव्वाबीकडून ऐकली आणि दुसऱ्या दिवशी वर आली. दोघींनी पंधरा दिवस इथे एकत्र राहायचं, तिने मोजून दिलेलं खायचं आणि सांगेल तेव्हा रक्त द्यायचं, एवढंच काम.

मी तिला म्हटलं, यात शोधायचं काय आहे. आमच्या आपटा गावच्या घरात साखर ही दुखणेकऱ्याची वस्तू होती. ताप आला तरच चिमूटभर मिळायची. आणि माझी बहीण पाच वर्षांची असताना साखर कारखान्याच्या दारात जाऊन राहिली, जिथे वाऱ्यालासुद्धा मळीचा गोड वास. तर मधुमेह मला आणि ती ठणठणीत. देवाच्या घरी पत्ता लिहिताना काहीतरी चुकलं असणार. जास्मीन हसली नाही. म्हणाली, मावशी, मला नेमकं हेच शोधायचं आहे.

तर कधी येतेस ते लिही. पंधरा दिवस एका घरात आपण शेवटच्या कधी राहिलो, सांग बरं.

कळावे. माया आहे तेवढी पुरे, फक्त ती घेऊन लवकर ये.
तुझी,
गोदू

~

कारखाना वसाहत, जि. सांगली
१५ मार्च २००८

तीर्थरूप गोदूताईंच्या चरणी मालूचा शि. सा. न.

बघ, एवढा मान दिला. आता पुरे.

पत्र पोचलं. इथे सगळे ठीक आहेत. हंगाम संपत आला आहे, तरी उसाच्या बैलगाड्यांची रांग अजून आमच्या कोपऱ्यापर्यंत असते. चिमणीची काजळी रोज अंगणात पडते, वाळत घातलेले कपडे दोनदा झटकावे लागतात. लग्नात तू घेऊन दिलेल्या नव्या चपलांनी उजव्या पायाच्या बोटाला फोड आला होता. तो फुटून जखम झाली आणि अजून काही भरून येत नाही. हळद लावते आहे. यंदा ऊन लवकर तापलं. घशाला सारखी कोरड पडते, तांब्या उशाशी ठेवावा लागतो. लग्नासाठी शिवलेला ब्लाउज आताच सैल झालाय. तुझ्या घरच्या पंगतीत बारीक होऊन आलेली मी एकटीच असेन. चष्म्याचा नंबरही बदललाय बहुतेक, हे लिहिताना ओळी एकमेकींवर चढतात. वाचताना सांभाळून घे.

जास्मीन गुणी पोर दिसते. तिचं मन मोडायचं नाही, पण मी येत नाही गं.

कारण सांगते. तू लिहिलंस की मी साखरेच्या दारात येऊन राहिले. खरं आहे. पण ती साखर मला कशी मिळायची, हे तुला कधी सांगितलं नाही. मावशीबरोबर मी इथे आले तेव्हा रडायची. दिवसभर बरी असायची, पण दिवेलागणीला तुझी आठवण यायची, कारण त्या वेळी आपण दोघी आपट्याला नदीवरून गुरं परतायची वाट बघत उभ्या असायचो. मी रडायला लागले की मावशी चमचाभर साखर माझ्या तोंडात घालायची. बिचारीला दुसरं काही सुचत नसे. तिला मूल नव्हतं, गप्प कसं करायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती साखर विरघळेपर्यंत मी गप्प राहायची आणि मग पुन्हा रडायची. मग पुन्हा चमचा. हळूहळू मी रडणं सोडलं, साखर राहिली.

शाळेत पोरं माझ्या बोलण्याला हसायची. मी आमी, तुमी म्हणायची, हाय आणि नाय म्हणायची. मावशीने ते घासूनपुसून काढलं. दहा वर्षांची होऊन मी आपट्याला आले तेव्हा आपली आय माझं बोलणं ऐकून माझ्याशी पाहुण्यासारखी वागली, आठवतं? मला चटईवर बसवलं आणि तुला चुलीपाशी.

आता जास्मीन मोजमाप करणार आणि सांगणार की एक बहीण चांगली राहिली आणि एक आजारी पडली. म्हणजे काय सिद्ध होणार? मला देऊन टाकलं ते बरंच झालं, हेच ना? ते मला शास्त्राकडून ऐकायचं नाही. घरात दोन पोरी होत्या, नेहमी आजारी असणारी, काही कामाची नसलेली एक काढून दिली. एवढं मला पूर्वीच कळलं आहे आणि मी ते गिळलंही आहे.

रागावू नकोस. रोशनीचं ऐकत जा. तुझ्या लोभावरच इथले दिवस जातात, तो आटू देऊ नकोस.
तुझी,
मालू

~

खांदा कॉलनी
३० मार्च २००८

प्रिय मालूस,

या वेळी आशीर्वाद-नमस्कार राहू देत. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि मग घडी घालून पिशवीत टाकून जास्मीनबरोबर आपट्याला गेले.

जायचं आधीच ठरलं होतं. जास्मीनला जाणून घ्यायचं होतं की जन्मताना आपल्यातली कोण किती वजनाची होती. मी म्हटलं, अगं, तिथे तांदूळ मापाने मोजायचे, पोरं कोण मोजणार. पण ती हट्टी. म्हणाली, आकडा नको, बघितलेलं माणूस चालेल. तसं माणूस आता एकच उरलंय, ठमाबाई. आपली सुईण. नव्वदीच्या पुढे गेली असेल. डोळ्यांनी दिसत नाही, पण दारात पाऊल टाकलं की कुणाचं ते ओळखते.

सहा आसनी रिक्षाने गेलो. पाताळगंगेचं पाणी आता पूर्वीसारखं हिरवं राहिलं नाही, पण वळणावरचा तो खडक आहे, ज्यावर आपण चिंबोऱ्या उलट्या करून ठेवायचो आणि त्यांच्या नांग्या हलताना बघायचो. जास्मीनला दाखवला. तिने मोबाइलवर फोटो काढला.

ठमाबाईला प्रश्न विचारला तर तिला क्षणभरही आठवावं लागलं नाही. बोलली, थोरली आंगानं बरी होती, धाकटी उंदराच्या पिलायेवडी. तिला कापसात गुंडालून चुलीशी ठेवलेली, आमी रोज सकाली बगायचो हाय का गेली. मग बोलली, पाच वरसांत तीनदा ती जाता जाता ऱ्हायली. जास्मीन सगळं लिहून घेत होती. मालू, तुझं पत्र पिशवीत होतं म्हणून असेल, माझ्या तोंडून निघून गेलं. मी विचारलं, म्हणून तिला देऊन टाकली का.

म्हातारी माझ्यावर संतापली. हातातली काठी आपटली. मला बोलली, कोन बोलला देऊन टाकली. तुजी मावशी आली ती तुलाच न्यायला आली होती. धडधाकट पोर कुनाला नको. तुजी आय आडवी पडली. बोलली, नेयाची त धाकटीला ने. थोरली भाकरीवर बी जगंल, हिला दूध पायजे, साखर पायजे, डाक्तर पायजे, ता माज्याकडं नाय. मावशी नको बोलत होती, वाटेत मेली त काय करू, बोलत होती. तुजी आय तिच्या पाया पडली, धाकट्या बहिनीच्या.

मालू, मी जन्मभर समजत होते की तू निवडलेली आणि मी उरलेली. गावातल्या बाया म्हणायच्या, मालूने नशीब काढलं, साखरेच्या राशीत लोळते. मी भात लावताना वाकलेली असायची आणि मनात तुझा दुःस्वास करायची. आणि तू तिथे बसून स्वतःला टाकलेली समजत होतीस. आयने आपल्याला सांगितलं का नाही, ते तीच जाणे. मला वाटतं, सांगितलं असतं तर मला कळलं असतं की मी भाकरीवर जगणारी आहे, आणि मग मी जास्त मागितलं नसतं. म्हणून नसेल सांगितलं.

आता दुसरं. नीट वाच. घशाला कोरड, कपडे सैल, डोळ्यांपुढे ओळी चढतात, जखम भरत नाही. मालू, हे ऊन नाही. हे सगळं मला झालेलं आहे, अगदी याच क्रमाने. कृष्णकांतला सांग आणि उद्याच्या उद्या रक्त तपासून ये, जेवणाआधी आणि जेवणानंतर. अभ्यास गेला खड्ड्यात. तपासून ये.

उत्तराची वाट बघते. जीव तुझ्यात अडकलाय, तो मोकळा कर.
गोदू

~

कारखाना वसाहत
२५ एप्रिल २००८

ती. गोदूताईस,

शि. सा. न. तुझं पत्र आल्याला महिना होत आला. दोन पत्रं लिहून फाडली.

ठमाबाईचं म्हणणं खरं असेल का, याचा मी पुष्कळ विचार केला. मग मला एक आठवलं. निघताना आय मला आणि मावशीला पनवेलपर्यंत पोचवायला बैलगाडीतून आली होती. साऱ्या वाटेत तिने माझं अंग पदराखाली झाकून धरलं होतं. मला गुदमरायला होत होतं, आणि मी इतकी वर्षं समजत होते की लोकांना मी दिसू नये म्हणून तिने मला झाकलं. थंडीचे दिवस होते गं. तिला मला वारा लागू द्यायचा नव्हता. एवढी साधी गोष्ट समजायला मला म्हातारी व्हावं लागलं.

मावशीची मात्र दया येते. ती न्यायला आली धडधाकट मूल आणि पदरात पडलं ते कधी मरेल याचा भरवसा नसलेलं. तरी तिने मला जगवलं. चमच्याने का असेना.

तू माझा दुःस्वास केल्याचं लिहिलंस. मीही करायची, तू चुलीपाशी बसायचीस म्हणून. फिटलं.

तपासणीचं मात्र राहू दे. एकसष्ट वर्षं काढली, आता सुया टोचून काय नवीन कळणार. तुझ्या पायी मलाही रोज गोळ्या गिळायला लावशील. कृष्णकांतला मी सांगितलेलं नाही, तूही फोनवर बोलू नकोस, तो उगाच घाबरतो. जखमेच्या कडा थोड्या काळ्या पडल्यात, पण दुखत मुळीच नाही. टाचणी लागली तरी कळत नाही. म्हणजे आतून बरी होते आहे.

जास्मीनला माझे आशीर्वाद. तिने ठमाबाईकडे तुला नेलं नसतं तर हे आपल्याबरोबरच गेलं असतं.

आहे त्या मायेत काही कमी करू नकोस.
मालू

~

नवीन पनवेल
२ मे २००८

आदरणीय मालूमावशी यांना जास्मीनचा सलाम.

माझ्याकडून तुम्हाला हे पहिलंच पत्र. मराठी शाळेत शिकले असले तरी पत्र लिहायची सवय नाही, चुकलं तर माफ करा. तुमचं २५ तारखेचं पत्र घेऊन गोदूमावशी काल संध्याकाळी खाली आल्या आणि अम्मीच्या बाजेवर बसून त्यांनी ते मला वाचायला दिलं. विचारलं, दुखत नाही म्हणते, ते चांगलं ना. त्यांना उत्तर माहीत होतं. त्यांना ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

मावशी, दुखत नाही हीच काळजीची गोष्ट आहे. रक्तातली साखर फार दिवस वाढलेली राहिली की पायांच्या नसा बधिर होतात. जखम असते, पण तिचा निरोप पोचत नाही. माझे अब्बा कुवेतला होते. तिथे बूट लागून त्यांना अशीच जखम झाली, आणि दुखत नाही म्हणून ते कामावर जात राहिले. ते सुट्टीवर घरी आले तेव्हा आम्ही पाय वाचवू शकलो नाही. पुढे तेही फार राहिले नाहीत. मी या अभ्यासात आले ती त्यांच्यामुळे.

तुम्हाला भीती आहे की माझा अभ्यास तुमच्या आईंनी केलेल्या गोष्टीचा निवाडा करील. तसं होणार नाही, हे मी शपथेवर सांगते. तुम्हाला आम्ही काय जाणतो आणि काय नाही, तेही सांगते. साखर खाल्ली म्हणून मधुमेह होतो, असं लोक सरळ बोलतात. ते तितकं सरळ नाही. रोजची जास्तीची साखर, विशेषतः गोड पेयांतली, वजन वाढवते आणि धोका वाढवते, याचे पुरावे वाढत चालले आहेत. पण आईच्या पोटात असताना आणि बालपणी ज्यांची उपासमार झाली आणि पुढे एकदम सुबत्ता आली, त्यांनाही हा आजार जास्त होतो असं दिसतं. शरीर लहानपणी काटकसर शिकतं आणि मग भरलेलं ताट त्याला पेलत नाही. मी धरून चालले होते की गोदूमावशींचं तसं झालं असेल. भाताची खाचरं गेली, त्यांच्या जागी इमारती आल्या, राबणं संपलं आणि घरात सगळं गोड आलं. तुम्ही त्यांच्या उलट, म्हणून निरोगी. कागदावर फार सुंदर दिसत होतं.

आता मला वाटतं की मी चुकले आहे. एका नाळेच्या जुळ्यांत एकीला हा आजार झाला तर दुसरीलाही बहुतेक वेळा होतो, हे मला पुस्तकातून माहीत होतं. तुम्ही निरोगी आहात असं मी मानलं ते फक्त तुम्ही कधी तपासलं नव्हतं म्हणून. हे मी तुम्हाला लग्नाच्या मांडवातच विचारायला हवं होतं.

आज सकाळीच गोदूमावशी शैलेशभाईंबरोबर तुमच्याकडे यायला निघाल्या. त्यांनी मला सांगितलंय की हे पत्र त्या पोचल्यावर तुमच्या हाती पडावं, आधी पडलं तर मालू कुठेतरी निघून जाईल. म्हणून हे उद्या टाकते. तोवर त्या तुमच्या ओसरीवर बसलेल्या असतील. त्यांच्याबरोबर दवाखान्यात जा. माझ्या अभ्यासासाठी नको.

अम्मी रोज दुआ करते. तुमच्या मनात माझ्यासाठी एवढीशी जागा असू द्या.
तुमची,
जास्मीन

~

कारखाना वसाहत
२२ जून २००८

प्रिय गोदूस,

तू गेल्यावर घर नुसतं भिंतींचं राहिलं. ड्रेसिंग करायला येणारी परिचारिका रोज विचारते, तुमच्यासारख्याच दिसणाऱ्या बाई कुठे गेल्या. मी म्हणते, आरशात शोधा.

बोटाची जागा भरून आली आहे. परवा डॉक्टरांनी पट्टी काढून बघितलं आणि समाधानाने मान हलवली. म्हणाले, अजून थोडं थांबला असता तर पाऊलच काढावं लागलं असतं. एक बोट देऊन सुटले. गोळ्या आणि सकाळचं इंजेक्शन चालू आहे. ते कृष्णकांतची बायको देते, तिचा हात हलका आहे. चष्माही बदलावा लागला नाही. साखर खाली आल्यावर ओळी आपोआप जागेवर आल्या.

तुला एक सांगायचं राहिलं. तपासणाऱ्या माणसाने माझ्या रक्ताचा आकडा बघितला आणि यंत्र बिघडलं असेल म्हणून पुन्हा तपासलं. पुन्हा तोच. डॉक्टर मला समजावायला लागले की घाबरू नका, आणि मी हसत होते. त्यांना वाटलं, बाईला ऐकू आलेलं नाही. त्यांनी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं. मी ते तुझ्याकडे दिलं आणि तू वाचून रडायला लागलीस. तू का रडलीस ते मला कळलं. मी का हसले ते आता लिहिते. आपली भाषा वेगळी झाली, देव वेगळे झाले, हातचं जेवण वेगळं झालं. तुझ्या आमटीत चिंच, माझ्या आमटीत गूळ. मला वाटायचं, आपल्यात आता नुसतं तोंड तेवढं सारखं राहिलंय. आणि रक्त तर आत गुपचूप तुझ्याचसारखं वागत होतं. कुणी घासूनपुसून काढलं नव्हतं ते. रोगाचा कुणाला आनंद होतो का, पण मला त्या वेळी झाला. नंतर बोट काढायला नेलं तेव्हा तो उतरला, हे खरं.

तू पहिल्यांदाच माझं घर बघितलंस. मावशीच्या फोटोपुढे बराच वेळ उभी राहिलीस. मग आत जाऊन तिच्यासाठी तांदळाची भाकरी थापलीस आणि फोटोपुढे ठेवलीस. कृष्णकांत मला विचारत होता की ही कुठली रीत. मी म्हटलं, आमच्याकडची.

पाय नीट झाला की मी पनवेलला येते. जास्मीनला सांग, तिचे पंधरा दिवस तिला देईन.

तुझी आठवण इथे मुक्कामाला आहे, तिला परत बोलावू नकोस.
मालू

~

खांदा कॉलनी
१४ नोव्हेंबर २००८

प्रिय मालू,

अनेक आशीर्वाद. तू परत गेलीस आणि रोशनीने कणीक नेहमीसारखी मळली, तर दोन पोळ्या उरल्या. दिवाळी आली आणि गेली. रोशनीने करंज्या केल्या आणि आपल्या दोघींच्या नावाने एकच बाजूला ठेवली. अर्धी मी खाल्ली. उरलेली अर्धी मी खाल्ली हे तिला कळवू नकोस.

ते पंधरा दिवस मला अजून सुटे सुटे आठवतात. मोजलेली डाळ, मोजलेला भात, आणि तू दर घासाला जास्मीनकडे बघून विचारायचीस की हा चालेल का. सकाळी उपाशीपोटी दोघी दंड पुढे करून बसायचो, तिची सुई मला टोचायची आणि चेहरा तू करायचीस. दुपारी हव्वाबी वर येऊन बसायची. तिला आपट्याच्या गोष्टी सांगताना तू एकदम आमी म्हणालीस. तुझ्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं, पण मी बोलले नाही, टोकलं तर पुन्हा पळून जाईल असं वाटलं. नदीवर गेलो तेव्हा तर सरळ म्हणालीस, पानी थंड हाय.

काल जास्मीन पुण्याहून आली होती. पन्नासएक जोड्यांचं काम झालंय म्हणे. मी विचारलं, आमच्यावरून काय निघालं. ती म्हणाली, एका जोडीवरून काही निघत नसतं. पण तिने मनात जी मांडणी केली होती, ती आपण मोडली. हलकी जन्मली ती आणि भाकरीवर वाढली ती, दुधा-साखरेवरची आणि कोऱ्या चहावरची, दोघी एकाच ठिकाणी येऊन पोचल्या. फक्त मला आधी कळलं, तुला उशिरा, आणि त्याचं कारण शरीरात नव्हतं, माझ्या घराजवळ दवाखाना होता एवढंच असेल. ती जरा खट्टू होती. मी तिला चहा दिला. म्हटलं, तुझी मांडणी मोडली पण मालूचं पाऊल राहिलं, हा व्यवहार आम्हाला चालतो. तेव्हा हसली. आता ती प्रत्येक जुळ्यातल्या न तपासलेल्या भावंडाला आधी तपासते आणि मग बाकीचं विचारते.

कृष्णकांतशी माझं फोनवर बोलणं झालं. गाळप सुरू झालंय आणि काजळीने तुला खोकला लागतो, असं तो म्हणाला. मी म्हटलं, मग हंगामभर तिला इकडे पाठव. पाऊस आला की मी तिला घेऊन तिकडे येईन आणि तुमच्या अंगणात बसेन. त्याने विचारलं, आईला विचारलंत का. मी म्हटलं, तिला विचारलं तर ती नाही म्हणेल, म्हणून तुला विचारते. तो तुला घेऊन पुढच्या शनिवारी निघतो आहे. हे पत्र त्या दिवसाआधी पोचलं तर कुठे जाऊ नकोस. खिडकीजवळची बाज तुझी, पायाला उजेड हवा ना.

अजून एक. जास्मीनला कागद पुरे करायचे होते. एक प्रश्न भरायचा राहिला होता, तुम्ही दोघी बहिणी एका छपराखाली एकूण किती वर्षं राहिलात. ती पेन उघडून थांबली. मी पाच म्हणणार होते. तोंडातून भलतंच आलं. म्हटलं, तेवढी जागा मोकळी ठेव पोरी, ते अजून चालू हाय.

तिने माझ्याकडे बघितलं, आणि ठेवली मोकळी.

कळावे. आता जी काही माया लिहायची ती समक्ष.
तुझी वाट बघणारी,
गोदू